साडेसहाचा उंबरठा : इंग्रजी प्रावीण्य परीक्षांचे गुणांकन आणि तयारी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पदवी आणि संस्थानची शिष्यवृत्ती एवढी शिदोरी त्या काळी पुरेशी होती. आज त्याच वाटेने निघालेल्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक उंबरठा उभा असतो, तो म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. परंतु या शिष्यवृत्त्यांचा लाभ घ्यायचा तर परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती लागते, आणि ते प्रवेशपत्र बहुतेक वेळा इंग्रजीच्या गुणपत्रकावर अडते.

आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आता पदवी, पदव्युत्तर पदवीपर्यंत पोहोचली आहेत. त्यांतील कोणी परदेशी शिक्षणाचा विचार करू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, या परीक्षेत पास व्हायला किती गुण लागतात?" हा प्रश्न स्वाभाविक असला तरी मुळात चुकीचा आहे, कारण या परीक्षांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नसतो. गुण कसे पडतात हे ठाऊक नसल्यामुळे चांगली तयारी असलेला विद्यार्थीही कधी कधी अर्ध्या गुणाने मागे राहतो आणि परीक्षेचे पंधरा हजारांहून अधिक रुपये वाया जातात. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांना हे नुकसान परवडणारे नाही. म्हणून या परीक्षांची रचना व गुणांकनाची रीत प्रस्तुत लेखात सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

परीक्षा कोणत्या?

अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेली टोफेल ही या प्रकारातील जुनी परीक्षा. ब्रिटनमध्ये १९८० साली अशाच हेतूने एक परीक्षा सुरू झाली आणि १९८९ साली तिचे रूपांतर आयईएलटीएस या परीक्षेत झाले. विद्यार्थी तिला 'आयेल्ट्स' म्हणतात. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियातील आयडीपी ही संस्था यांची ती संयुक्त परीक्षा असून भारतात ती घेण्याचे काम २०२१ पासून आयडीपीकडे आहे. पिअर्सन या प्रकाशनसंस्थेची पीटीई अकॅडेमिक ही तिसरी परीक्षा. आपल्या विद्यार्थ्यांचा ओढा ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांकडे अधिक असल्याने येथे आयईएलटीएसचा विचार विस्ताराने आणि इतर दोहोंचा थोडक्यात केला आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे. आयईएलटीएसचे दोन मुख्य प्रकार आहेत : अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. विद्यापीठीय प्रवेशासाठी अकॅडेमिक लागते. दुसरा प्रकार मुख्यतः स्थलांतर व नोकरीसाठी आहे. नाव सोपे वाटते म्हणून 'जनरल' निवडणारे विद्यार्थी आढळतात. परीक्षा उत्तम झाली तरी ते गुणपत्रक विद्यापीठाच्या प्रवेशासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

चार कौशल्ये, चार कसोट्या

परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी चार कौशल्ये तपासली जातात. व्याकरणाच्या व्याख्या, कवितेचे रसग्रहण, गाळलेल्या जागी शब्दयोगी अव्यये असे आपल्या शालेय प्रश्नपत्रिकेतील काहीही येथे नसते. भाषा वापरता येते का, एवढेच पाहिले जाते.

ऐकण्याच्या भागात चार ध्वनिफिती आणि चाळीस प्रश्न असतात. वेळ सुमारे तीस मिनिटे. पहिली फीत दोन माणसांच्या दैनंदिन संभाषणाची, दुसरी सार्वजनिक माहितीची, तिसरी विद्यार्थी-शिक्षकांच्या चर्चेची आणि चौथी व्याख्यानाची. प्रत्येक फीत एकदाच ऐकवली जाते. बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन अशा निरनिराळ्या ढंगाने बोलतात. उत्तरे प्रश्नांच्या क्रमानेच येतात, हा मोठा आधार असतो. एखादे उत्तर निसटले तर त्याचा शोक करीत बसू नये. तेवढ्यात पुढची दोन निसटतात. शुद्धलेखन चुकले की उत्तर चुकले, हा नियम कठोरपणे पाळला जातो. 'दोनपेक्षा अधिक शब्द लिहू नयेत' अशी सूचना असताना तीन शब्द लिहिल्यास बरोबर उत्तरालाही शून्य मिळते. नावे व पत्ते एकेक अक्षर उच्चारून सांगितले जातात, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांचा 'ए' आणि 'ई', 'जी' आणि 'जे' या अक्षरांत घोटाळा होतो. हा दोष आठवडाभराच्या सरावाने जातो.

वाचनाच्या भागात साठ मिनिटांत तीन उतारे आणि चाळीस प्रश्न असतात. तिन्ही उतारे मिळून दोन ते पावणेतीन हजार शब्द भरतात. येथील सर्वांत फसवा प्रश्नप्रकार म्हणजे 'सत्य, असत्य, उल्लेख नाही'. समजा, उताऱ्यात असे आहे : 'ग्रंथालय १९६५ साली सुरू झाले आणि पहिल्या वर्षी तेथे चारशे पुस्तके होती.' आता 'आरंभी ग्रंथालयात चारशे पुस्तके होती' हे विधान सत्य. 'ग्रंथालय १९७० नंतर सुरू झाले' हे असत्य. परंतु 'ही पुस्तके देणगीतून मिळाली होती' या विधानाचे उत्तर 'उल्लेख नाही' असेच द्यावे लागते. ते आपल्याला कितीही संभवनीय वाटो, मजकुरात त्याला आधार नाही. आपल्या मनातील माहिती आणि समोरच्या मजकुरातील माहिती वेगळी ठेवणे, हाच या प्रश्नाचा हेतू. ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय स्वीकारू नये, ही शिकवण ज्यांना धम्माने दिली आहे त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

लेखनासाठी साठ मिनिटे असतात व दोन लेख लिहावे लागतात. पहिल्यात आलेख, तक्ता किंवा नकाशा पाहून किमान १५० शब्दांत वर्णन करायचे असते. दुसऱ्यात एखाद्या प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्या लेखाचे वजन पहिल्याच्या दुप्पट धरले जाते. म्हणून पहिल्यासाठी वीस आणि दुसऱ्यासाठी चाळीस मिनिटे अशी विभागणी करावी. आलेखाच्या वर्णनात अर्धा तास घालवून निबंध अपुरा ठेवणे हा सर्वाधिक महाग पडणारा दोष आहे.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. परीक्षक समोर बसून, काही केंद्रांवर पडद्यावरून, संवाद साधतात. प्रथम घर, शिक्षण, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न. मग एका विषयाचे कार्ड देऊन एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायला. शेवटी त्याच विषयाशी निगडित चर्चा. सर्व संभाषण ध्वनिमुद्रित होते. ही परीक्षा इतर भागांच्या दिवशीच असेल असे नाही. आधी किंवा नंतर आठवडाभराच्या आत ती ठेवली जाऊ शकते. परगावी राहण्याची सोय करताना हे लक्षात घ्यावे.

गुण कसे पडतात?

प्रत्येक कौशल्याला ० ते ९ या मापावर श्रेणी मिळते. तिला बँड म्हणतात. मध्ये अर्ध्या बँडची पायरी असते. ५ म्हणजे मर्यादित, ६ म्हणजे कामापुरते समर्थ, ७ म्हणजे चांगले, आणि ९ म्हणजे तज्ज्ञाचे प्रभुत्व, असा स्थूल अर्थ घ्यावा.

ऐकणे आणि वाचणे यांत प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण मिळतो. चुकीच्या उत्तराचा गुण वजा होत नाही, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. चाळीसपैकी मिळालेले गुण मग बँडमध्ये रूपांतरित होतात. साधारणतः २३ उत्तरे बरोबर आली की ६, तीस आली की ७ आणि ३५ आली की ८ बँड मिळतो. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात एखाद्या गुणाचा फरक पडतो. हा हिशेब समजला की मनावरचे दडपण कमी होते. चाळीसपैकी दहा उत्तरे चुकली तरी ७ बँड येऊ शकतो. सर्व काही समजलेच पाहिजे असे नाही.

लेखनाला चार निकष आहेत आणि चौघांना समान वजन आहे : विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले आहे का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा पुरेशी व अचूक आहे का, वाक्यरचनेत विविधता व शुद्धता आहे का. समजा, एका निबंधाला पहिल्या दोन निकषांत प्रत्येकी ६ आणि पुढच्या दोहोंत प्रत्येकी ५ मिळाले, तर त्याची सरासरी साडेपाच. यातून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे इंग्रजी म्हणजे व्याकरण अशी समजूत आहे. परंतु निम्मे गुण विचारांच्या उत्तराला आणि मांडणीला आहेत. प्रश्नात दोन बाजू विचारल्या असताना एकच बाजू मांडणारा निबंध कितीही शुद्ध असला तरी मागे पडतो. पाठ केलेला निबंध अनुभवी परीक्षक लगेच ओळखतात आणि त्याचे गुण घटतात.

बोलण्यालाही चारच निकष आहेत : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, वाक्यरचना आणि उच्चार. आपले मत परीक्षकाला पटले की नाही, याला गुण नसतात. मराठी वळणाच्या उच्चारांमुळे आपोआप गुण कापले जात नाहीत. ऐकणाऱ्याला समजण्यास अडचण झाली तरच ते घटतात. मराठीत एकच 'व' असल्याने 'व्हाइन' आणि 'वाइन' यांचा आपण सारखाच उच्चार करतो, 'फ'चा उच्चार ओठ मिटून करतो, आणि शब्दातील कोणत्या अवयवावर जोर द्यायचा याकडे आपले लक्ष नसते. एवढ्या तीन गोष्टी सुधारल्या तरी बोलणे स्पष्ट होते. तसेच मराठीत 'अ' आणि 'द' या उपपदांना प्रतिशब्द नाही, म्हणून ती आपण विसरतो. 'मला दोन भाऊ आहेत' यातील 'आहेत' मनात ठेवून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' असे बोलतो. या चुका बुद्धीच्या नाहीत, मातृभाषेच्या सवयीच्या आहेत. त्या ओळखल्या की दुरुस्त होतात.

अर्ध्या बँडचे गणित

चार बँडांची सरासरी म्हणजे एकूण बँड. ही सरासरी जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बँडला नेली जाते. पाव आल्यास पुढच्या अर्ध्यावर आणि पाऊण आल्यास पुढच्या पूर्णावर जाते. उदाहरणे घेतल्यास हे स्पष्ट होईल.

एका विद्यार्थिनीला ऐकण्यात ६.५, वाचनात ६, लेखनात ६ आणि बोलण्यात ६.५ मिळाले. बेरीज २५, सरासरी ६.२५. ती वर जाऊन एकूण बँड ६.५ होतो. दुसऱ्या विद्यार्थ्याचे तीन बँड तेच. फक्त लेखनात ५.५. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५. ती खाली येऊन एकूण बँड ६ राहतो. एकाच कौशल्यातील अर्ध्या पायरीने एकूण निकाल अर्ध्या पायरीने बदलला.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ऐकणे ७.५, वाचन ७, लेखन ५.५, बोलणे ६.५. बेरीज २६.५, सरासरी ६.६२५, एकूण बँड ६.५. घरी पेढे वाटले जातात. परंतु अनेक विद्यापीठांची अट 'एकूण ६.५ आणि कोणत्याही कौशल्यात ६ पेक्षा कमी नाही' अशी दुहेरी असते. लेखनातील ५.५ मुळे हा अर्ज अडतो. म्हणून विद्यापीठाची अट वाचताना तिचा उत्तरार्ध आधी वाचावा. आपल्या मुलांचे वाचन सहसा चांगले असते आणि लेखन कच्चे असते. सर्व वेळ बलस्थानावर खर्च करून दुबळी बाजू तशीच ठेवणे, ही तयारीतील मुख्य चूक होय.

निकालावर शंका असल्यास सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. तिचे शुल्क भरावे लागते, परंतु बँड वाढल्यास ते परत मिळते. लेखन व बोलणे यांचे मूल्यमापन माणसे करतात, म्हणून इतर तीन कौशल्यांच्या मानाने एकच बँड फार खाली असेल तर या मार्गाचा विचार अवश्य करावा. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकाच कौशल्याची परीक्षा साठ दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोयही आता आहे. मात्र असे गुणपत्रक प्रत्येक विद्यापीठ स्वीकारतेच असे नाही. आधी विचारून घ्यावे. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो.

टोफेल आणि पीटीई

टोफेलमध्येही हीच चार कौशल्ये आहेत. अनेक वर्षे प्रत्येकाला ३० याप्रमाणे एकूण १२० गुण असत. जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी नवी श्रेणी आली असून संक्रमणकाळात जुन्या मापातील तुल्य गुणही गुणपत्रकावर दिले जातात. येथे बोलण्याची परीक्षा माणसापुढे न होता ध्वनिग्राहकापुढे होते.

पीटीई अकॅडेमिक ही सुमारे दोन तासांची परीक्षा पूर्णतः संगणकावर होते, तिचे मूल्यमापन मुख्यतः यंत्र करते आणि गुण १० ते ९० या मापावर मिळतात. बोलताना तीन सेकंद गप्प राहिल्यास ध्वनिमुद्रण थांबते, म्हणून अडखळलो तरी बोलत राहावे लागते. येथील एकाहून अधिक उत्तरे निवडण्याच्या काही प्रश्नांत चुकीच्या निवडीचे गुण वजा होतात. आयईएलटीएसमधील 'जागा रिकामी सोडू नये' हा सल्ला तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्यांना अनोळखी माणसापुढे बोलण्याचा संकोच वाटतो त्यांना यंत्र बरे वाटते. ज्यांची टंकलेखनाची सवय कमी आहे त्यांना ते जड जाते. आपल्या विद्यापीठाला कोणती परीक्षा चालते हे पाहून मग आपल्या स्वभावाला रुचेल ती निवडावी.

परीक्षेआधीची कागदपत्रे

भारतात आयईएलटीएससाठी पारपत्र अनिवार्य आहे. आधारपत्र चालत नाही. पारपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्या समाजात दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, जातीच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे, असा प्रकार फार आढळतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात हीच विसंगती पुन्हा आडवी येते. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षातच नावे एकसारखी करून घ्यावीत व पारपत्र काढावे. परीक्षा केंद्रावर छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात. घड्याळ, भ्रमणध्वनी आत नेता येत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या मुदतीआधी किमान चार महिने परीक्षा द्यावी. कमी गुण आलेच तर दुसऱ्या प्रयत्नाला वेळ उरतो.

तयारी वसतिगृहातूनच

या परीक्षेची तयारी शहरातील महागड्या शिकवणीतच होते, हा समज खरा नाही. शिकवणीत परीक्षेची युक्ती मिळते. भाषा मिळत नाही. आठवीपासून रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचावे. बातम्या ऐकून त्यातील पाच वाक्ये लिहून काढावीत. रविवारी एकाने दुसऱ्याला विषय द्यावा. त्याने एक मिनिट विचार करून दोन मिनिटे बोलावे, तिसऱ्याने वेळ मोजावी. भोजनगृहातील रांगेतही हा सराव होऊ शकतो. आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून लिहावा आणि वरील चार निकषांवर शिक्षकांकडून तपासून घ्यावा. परीक्षा घेणाऱ्या संस्था नमुना प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध करून देतात; शेवटच्या दोन महिन्यांत त्या सोडवाव्यात. 'हमखास आठ बँड' किंवा 'फुटलेली प्रश्नपत्रिका' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. गैरप्रकार सिद्ध झाल्यास निकाल रद्द होतो, आणि शिष्यवृत्तीची वाटही बंद होऊ शकते. सम्यक आजीविकेचा मार्ग असत्यापासून सुरू होत नाही.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, साडेसहा हा तुमच्या योग्यतेचा आकडा नाही. परक्या देशातील वर्गात बसून व्याख्यान समजून घेता येईल का, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. तथागतांनी धम्म लोकांच्या भाषेत सांगितला. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीतून प्रबंध लिहून परतलेल्या बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केले ते मराठीत, कारण ज्यांच्यासाठी बोलायचे होते ती माणसे मराठी बोलत होती.

बुद्धांच्या उपदेशात तराफ्याचा दृष्टान्त आहे. नदी पार करण्यासाठी तराफा बांधावा, तो नीट बांधावा; परंतु पैलतीरी पोहोचल्यावर तो डोक्यावर घेऊन मिरवू नये. इंग्रजी हा आपल्यासाठी असा तराफा आहे. त्याची एकेक दोरी कशी बांधावी हे समजून घ्या, पार व्हा, आणि मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांसाठी तो पुन्हा याच तीरावर आणून ठेवा. या विद्यालयाची तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.